पेवाच्या तोंडाशी बसून

अक्का, तुझ्या मातीला एवढी माणसं लोटली, की हुमनाबादची बस हळ्ळीखेडात रिकामी झाली ती झालीच. ड्रायव्हर आणि कंडक्टरसुद्धा बस तशीच सोडून मागं आले आणि पुढचा सगळा दिवस हुमनाबादेत बस मिळाली नाही. बरं, ड्रायव्हर नव्हता आला. कंडक्टर एकटाच आला होता. पण आला होता, आणि मातीत गेल्यावरही तू माझं एवढंसुद्धा खोटं चालवून घेतलं नाहीस याची नोंद सगळ्या गावानं घेतली असेल.

मयताच्या घरात चूल पेटत नाही, शेजारपाजारचे आणून घालतात. तुझ्या घरी उलटं झालं. उदगीर, भालकीकडची पाहुणेमंडळी उन्हातान्हाची आली, शेजारणी अजून पीठ मळतायत, आणि तुझ्या सुनेनं, सुनंदानं, आढ्याची दुरडी खाली काढली. तुझ्या कडक भाकरी. पापडासारख्या वाळलेल्या, एकावर एक रचलेल्या, जोडीला शेंगाच्या चटणीची बरणी. सगळे तुझ्या नावानं रडत होते आणि तुझ्याच भाकरी कटाकट मोडून खात होते. त्या आवाजात कुणाचं रडणं ऐकू येईना. स्वतःच्या मातीला आलेल्यांची सोय स्वतःच करून ठेवलेली बाई मी तुझ्याशिवाय दुसरी पाहिली नाही, आणि मी हायवेवर हॉटेल टाकून बसलोय, माणसं कमी पाहिलेली नाहीत.

तर सांगायचं म्हणजे, पेवाचं. परसातल्या तुझ्या पेवाचं काय झालं ते तुला दुसऱ्या कुणी सांगायच्या आत मला सांगायचंय. सरळ सांगायला गेलो तर दोन वाक्यांत होईल. पण दोन वाक्यांत बोललेलं माझं काहीच तू आजवर खरं धरलेलं नाहीस, म्हणून जरा लांबून येतो. तू हं म्हणत राहा.

आपलं भांडण काय होतं ते आधी मांडून ठेवतो, म्हणजे मी माझ्या बाजूनं वळवलं असं व्हायला नको. तू म्हणायचीस, घर असं असावं की दार वर्षभर लावून घेतलं तरी आतल्या माणसाचं अडू नये. मी म्हणायचो, दार लावायचंच कशाला? मन्नाएखेळ्ळीला माझ्या हॉटेलाच्या पायरीवर उभा राहिलो, की डाव्या हातानं हैदराबादची द्राक्षं उतरवून घ्यावीत आणि उजव्या हातानं मुंबईचा साबण. रस्ता आहे तोवर कशाला काय साठवायचं?

“रस्ता काय तुझ्या बापाचा हाय?” तू विचारायचीस.

“तुझा न् माझा बाप एकच हाय अक्का, तूच सांग.”

“मंग मला ठाव हाय. त्येचा न्हवता.”

असं. तुझ्याशी बोलायचं म्हणजे असं.

तुझ्या घरात काय नव्हतं! मी हॉटेलात गिऱ्हाइकांना सांगायचो, की उद्या सूर्य उगवला नाही तर आमच्या अक्काच्या फडताळात एक जादा असेल. तुरीला तांबड्या मातीचं पाणी लावून उन्हात वाळवलेलं, मुगाला राख, डाळीला एरंडेलाचा हात. गवारी, भेंडी, मेथी वाळवून पिशव्यांत टांगलेल्या. पावसाळ्यात भाजी आणायला बाजारात गेलीस असं कुणी पाहिलं नाही. मीठ मातीच्या रांजणात, चिंच तिच्या शेजारी. करडईचं तेल स्वतःच्या शेतातलं. दात घासायला राखुंडी, डोकं धुवायला रिठे, पोट धरलं तर ओवा, घसा धरला तर सुंठ. बरं, जुन्यालाच धरून होतीस असंही नाही. टॉर्चचे सेल वेगळे काढून ठेवलेले, म्हणजे पडल्या पडल्या फुगत नाहीत. उन्हावर चालणारा दिवा गावात सगळ्यांच्या आधी तू आणलास, आणि दिवसभर त्याला कोंबडीच्या पिलासारखा अंगणात उन्हाला ठेवायचीस. काडेपेटीसुद्धा डब्यात, आणि डब्यात मूठभर तांदूळ.

“ह्ये कामून?” मी विचारलं होतं. “काड्यांचा भात लावतीस का?”

“पावसाळ्यात वल धरतीया. तांदूळ पितो ती वल.”

“आन् तांदळाला वल धरली तर?”

“तर तुला जेवाया बोलावीन.”

आणि या सगळ्याच्या वर, म्हणजे खाली, पेव. परवा हैदराबादचा एक पोरगेला गिऱ्हाईक विचारत होता, अंकल, पेव म्हणजे काय. त्याला म्हटलं, जमिनीच्या पोटात मुरमात खोदलेलं मडकं समज. तोंड एवढंसं, की माणूस अंग चोरून कसाबसा शिरावा. पोट एवढं, की आत त्याचा सगळा भावबंद नांदावा. सगळीकडून कडब्याचं अस्तर, कडुनिंबाचा पाला, मधी ज्वारी, तोंडावर दगड आणि दगडावर मातीचा लेप. उंदीर नाही, किडा नाही, पाहुणा नाही. तो म्हणाला, फ्रीज? मी म्हटलं, व्हय, फ्रीजच, फक्त याचं दार उघडलं की आतल्या कोंडल्या हवेनं माणूस मरतो.

हे मात्र मी बढाई मारून सांगितलं नव्हतं. तुला ठाऊक आहे.

दाजी गेल्यानंतरचं पहिलंच साल. पेव उघडायला तू मला बोलावलंस. मी तेव्हा पैलवान होतो. म्हणजे तालमीसमोरून रोज जायचो. झाकण सरकलं, आतून तो उबट, आंबूस, नाकात चढणारा वाफारा आला, आणि तू म्हणालीस, “थांब, दिवा सोडू दे.” मी म्हटलं, “दिवा कशाला, मी काय लक्ष्मीपूजनाला आलोय?” आणि टाकली उडी.

मला पुढचं आठवत नाही. गावानं सांगितलं ते असं, की तू कमरेला दोर बांधलास, शेजारच्या दोघांच्या हातात टोक दिलंस, तोंडभर श्वास घेऊन आत गेलीस, माझ्या धोतराला दुसऱ्या दोराची गाठ मारलीस आणि वर आलीस. मग त्यांनी मला आडातल्या बादलीसारखा ओढून काढला. मी डोळे उघडले तेव्हा वर लिंबाचं झाड होतं आणि झाडाच्या खाली तुझं तोंड. घामानं निथळलेलं, पांढरंफटक. तू माझ्या छातीवर मूठ आपटत होतीस. माणसं बघत होती. मला लाज वाटली. काहीतरी बोलायला पाहिजे म्हणून मी म्हणालो, “अक्का, मी आतल्या आत पार बिदरच्या किल्ल्यात निघालो होतो.”

तुझा हात थांबला. तुला धाप लागली होती. तू म्हणालीस, “मंग येताना कोथिंबीर तरी आणायचीस.”

आणि मग माझ्या कानाखाली जी लगावलीस, तिचा आवाज किल्ल्यापर्यंत गेला असेल. सगळे हसले. तू हसली नाहीस. आत जाऊन चूल पेटवलीस आणि मला ताक प्यायला दिलंस.

किल्ल्याची गोष्ट तिथून सुरू झाली. बिदरात जमिनीखालून पाण्याची जुनी भुयारं आहेत हे कुणालाही ठाऊक आहे, त्यामुळं लोकांना ती पटायचीसुद्धा. पुढं तिच्यात सुलतानाचा मुदपाकखाना आला, तिथला आचारी आला, त्यानं मला बिर्याणी वाढली, मी म्हटलं तुमच्या बिर्याणीपेक्षा आमच्या येळवशीची, वेळा अमावास्येला शेतात जेवतो ती, भज्जी बरी, त्यावरून तलवारी निघाल्या. तुझा बसू लहान असताना माझ्या मांडीवर बसून रोज नवीन किल्ला मागायचा. आणि तू ज्वारी पाखडत मान खाली घालून ऐकायचीस आणि शेवटी एकच वाक्य टाकायचीस. कोथिंबिरीचं.

पण त्या सालापासून तू नेम घालून दिलास. पेव उघडताना बसूला परसात फिरकू द्यायचं नाही. आत तू जायचं. तू लहानखोर, दोर कमरेला. वर मी. दोराचं टोक माझ्या हातात, शेजारी जळता दिवा, आणि माझं काम काय तर बोलत राहायचं.

“काय बोलू?”

“काय बी. तुझं त्वांड चालू हाय म्हंजी मला कळतंय वर माणूस हाय. आन् मी हं म्हनीन, म्हंजी तुला कळंल मी शुद्धीत हाय. माझं हं थांबलं की वढायचं. इचारायचं न्हाई, वढायचं.”

अक्का, लोक मला विचारतात, एवढ्या थापा तुम्ही शिकलात कुठं. तिथं शिकलो. भोकाच्या तोंडाशी बसून, खालून बहिणीचं हं ऐकत. साधं बोलणं पाटीभर ज्वारी निघेपर्यंत संपून जायचं. पुढं काय बोलणार? मग म्हैस हत्ती व्हायची, ओढा समुद्र व्हायचा, मन्नाएखेळ्ळीचा फौजदार माझ्यासमोर चळाचळा कापायचा. आणि खालून यायचं, हं. फौजदाराला मी चहा पाजून सोडला. हं. त्यानं माझे पाय धरले. जरा थांबून, हं. त्या थांबण्यात तू हसत असायचीस. मला दिसायचं नाही, पण दोर हलायचा.

मग रस्ता बंद पडला.

तो लॉकडाऊन तू तुझ्या घरात बसून पाहिलास, मी हायवेवर. एवढा मोठा रस्ता, आणि त्याच्यावर मधोमध कुत्री अशी झोपलेली, की जणू त्यांच्या आजोबांनी तो खरेदी केला होता. द्राक्षं नाहीत, साबण नाही. माझ्या हॉटेलात राहिलं काय, तर रिकामं सिलिंडर, बिस्किटांचे पुडे आणि दरपत्रक. त्या दरपत्रकावर तेहतीस प्रकार लिहिलेले होते. तू म्हणशील बावीस. बावीस.

आणि एका सकाळी हैदराबादकडून चालत माणसं आली. डोक्यावर गाठोडी, काखेत लेकरं. माझ्या बाकड्यांवर बसली. एका बाईनं नुसतं पाणी मागितलं. दुसरं काही मागितलं असतं तर मला एवढं लागलं नसतं. बिस्किटं दिली ती लेकरांतच संपली. मी मोटारसायकल काढली आणि पोलिसांच्या काठ्या चुकवत, शेताशेतांतून, ढेकळांतून तुझ्याकडं आलो. येताना वाटभर मनात एकच. आता ही म्हणणार, बघ, मी म्हणत नव्हते?

तू काही म्हणाली नाहीस. माझं तोंड बघितलंस, आढ्याच्या दुरड्या काढल्यास, चटणीच्या बरण्या बांधल्यास. मग म्हणालीस, “ह्ये आजचं झालं. उद्याचं काय?” आणि कमरेला दोर बांधायला लागलीस. त्या दिवशी मला वर बसून थाप सुचेना. रस्त्यावर काय बघितलं तेच सांगत राहिलो, जसंच्या तसं. खालून हं यायचं. दोर हलत नव्हता.

पुढं कितीतरी दिवस तुझ्या गल्लीतल्या बायका भाकरी थापायच्या आणि माझी मोटारसायकल पोती वाहायची. एकदा मी न राहवून म्हणालोच. “अक्का, जिंकलीस तू. पेव जिंकलं.”

तू पीठ चाळत होतीस. “कसं काय?” म्हणालीस. “पेव भरून मी बसले हुते खरं, पर माझ्या दारात कोण आलं असतं रं? भुकेलं मानूस तुझ्या रस्त्यावनंच आलं की.”

असं अर्धं अर्धं वाटून तू भांडण मिटवायला निघालीस, तर मी ते मिटू दिलं नाही. मिटलं असतं तर मी तुझ्याकडं यायचं कशासाठी? मी म्हटलं, “मंग ठरलं. रस्ता जिंकला.” तू चाळणीच माझ्या अंगावर झाडलीस. मी पांढरा होऊन घरी आलो. तुझ्या भावजयीला वाटलं, हा रस्त्यातच म्हातारा झाला.

आता तुझ्या पेवाकडं येतो. आलोच होतो, मधेच रस्ता लागला.

यंदा येळवस झाली आणि तू गेलीस. पेव उन्हाळ्यात वरची ज्वारी काढून पुन्हा लिंपलेलं, तसंच बंद. दिवसकार्य उरकलं, पाहुणे पांगले, आणि बसूनं विषय काढला. तो आणि सुनंदा दोघंही गुलबर्ग्यात कामाला. घराला कुलूप लागणार. “मामा,” तो म्हणाला, “जवारी काढून घिऊ आन् पेव बुजवू.”

मी उसळलो. जन्मभर तुला “बुजव ते भोक” म्हणणारा मी, एवढ्या मोठ्यानं ओरडलो की हळ्ळीखेडची कबुतरं चिटगुप्प्याला जाऊन बसली. म्हटलं, तुझ्या आईनं हे पेव डोळ्यांतल्या बाहुलीसारखं जपलं, मी जिवंत आहे तोवर त्यात मातीची पाटी पडायची नाही. सुनंदा शांतपणे म्हणाली, “मामा, मग तुम्ही येऊन राहता का इथं?” मी म्हटलं, विचार करून सांगतो. ती म्हणाली, “करा.” तुझी सून आहे, अक्का. तुम्हा दोघींचं पटायचं नाही ते उगीच नव्हे; दोघींना एकच वाक्य आधी बोलायचं असायचं.

बुजवायचं नंतर ठरवू, निदान उघडू तर, यावर आम्ही आलो. लेप फोडला, दगड सरकवला. तोच वाफारा. माझ्या छातीवर कुणीतरी मूठ आपटल्यासारखं झालं. तेवढ्यात बसूनं शर्ट काढला आणि एक पाय आत सोडला.

“बसू, थांब. आत हवा वाईट हाय. मानूस मरतो.”

तो हसायला लागला. “व्हय मामा. किल्ल्यातल्या आचाऱ्याला काय निरोप द्यायचाय?”

अक्का, ही थाप नाही. तुझा एकुलता एक मुलगा पेवाच्या तोंडावर बसलाय, एक पाय आत, आणि जगात त्याला अडवू शकणारा एकच माणूस तिथं आहे, आणि त्या माणसाच्या शब्दावर त्यानं पाळण्यात असल्यापासून विश्वास ठेवलेला नाही. मी म्हटलं, “बसू, खरंच सांगायलोय.” तो म्हणाला, “तुम्ही सगळं खरंच सांगता मामा.” आणि दुसरा पाय उचलला.

खरं बोलून भागेना. मग मला येतं ते मी केलं.

“उतर,” मी म्हटलं. “उतर बाबा. पर तुझ्या आईनं मला शेवटचं काय सांगितलं ते ऐकून उतर. ती म्हनाली, मी गेल्यावर पेव उघडलं की पहिला दिवा घरच्या सुनंनं सोडायचा. त्याच्या आधी कुणी पाय घातला तर माझा जीव या परसातच घुटमळत ऱ्हाईल. मला तिनं शपथ घातली. मी माझं सांगून मोकळा झालो.”

यातलं एक अक्षर तू बोलली नव्हतीस. आवाज मात्र मी असा पाडला, की मला स्वतःला रडू आलं. बसूनं सुनंदाकडं पाहिलं. सुनंदाचा देवावर, जिवावर, घुटमळण्यावर कशावरही विश्वास नाही. पण ती उठली, पदर खोचला, करडईच्या तेलाचा दिवा लावला, छोट्या पाटीत ठेवला, पाटीला दोर बांधला आणि हात जोडून म्हणाली, “आत्याबाई, बघा हं.” बसूनं पाय बाहेर काढून तिला वाट दिली.

दिवा खाली गेला. दगडाच्या कडेखाली वीतभर, हातभर. ज्योत आधी बारीक झाली, मग निळसर, मग दोन बोटांत चिमटून घ्यावी तशी विझली. सुनंदानं वर ओढला. वारा लागला असेल म्हणून पुन्हा पेटवला, पुन्हा सोडला. त्याच जागी विझला.

बसूनं शर्ट घातला. मग पेवाच्या तोंडापासून चार हात लांब जाऊन बसला.

सुनंदा म्हणाली, “मामा, म्हणजे हे खरं होतं?”

“येवढं खरं होतं,” मी म्हटलं. “किल्ल्याचं तुम्ही तुमचं बघून घ्या.”

मग तुझी काळी छत्री आणली. तुला आठवतं, अर्धी उघडी छत्री दोराला बांधून पेवात वरखाली करायची, म्हणजे आतली हवा बाहेर आणि बाहेरची आत? रस्त्यानं जाणाऱ्या माणसांना वाटलं, ही मंडळी जमिनीखालच्या कुणाला तरी पावसापासून वाचवतायत. ते सगळं करून तोंड उघडं ठेवलं, वर काट्या लावल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सुनंदानंच दिवा सोडला. तळाच्या ज्वारीपर्यंत गेला आणि तिथं बसून नीट जळत राहिला. पेवात किती दाणा उरलाय ते त्या उजेडात दिसलं. पिवळाधमक.

बसूच्या कमरेला मी तुझ्या पद्धतीनं दोर बांधला. त्याला नेम सांगितला. त्यानं हं म्हणायचं, मी बोलायचं, हं थांबलं की विचारायचं नाही. तो उतरला. मी दगडाच्या कडेला बसलो, तुझ्या लिंबाच्या सावलीत, दोर हातात, दिवा शेजारी. आणि अक्का, माझं तोंडच उघडेना. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडं बोलायला काही नव्हतं. खाली तू नव्हतीस, मग म्हशीचा हत्ती कुणासाठी करायचा?

खालून आवाज आला. घुमून, जाडसर, भोकातून येतो तसा. “मामा, गप का झालात? बोला की. मला भ्या वाटायलंय.”

सुनंदानं माझ्या पाठीवर हात ठेवला. मी घसा खाकरला.

“एकदा काय झालं,” मी म्हटलं, “याच पेवात मी उतरलो.”

“हं.”

“आत बघतो तर काय, भुयार. चालत गेलो, चालत गेलो…”

“हं.”

“तर निघालो बिदरच्या किल्ल्यात.”

खाली थोडा वेळ काहीच नाही. मी दोर आवळला, ओढणारच होतो. मग दोर हलला.

“मंग येताना कोथिंबीर आणायची हुती की,” बसू म्हणाला.

सुनंदा एवढी हसली, एवढी हसली, की तिथंच पदरात तोंड घालून बसली, आणि मग ती हसत नव्हती. तू गेल्यापासून ती रडली नव्हती, अक्का. सगळ्यांना चहा करत होती.

ज्वारी सगळी निघाली. तुझ्या रिवाजाप्रमाणं आधी गल्लीत गेली, मग घरात. सुनंदानं गुलबर्ग्याला पोती न्यायची ठरवली आणि मला विचारत बसली, कडुनिंबाचा पाला ओला घालायचा की वाळलेला. वाळलेला. राख चाळून की तशीच. चाळून, थंड करून. मला एवढं ठाऊक आहे हे मलाच ठाऊक नव्हतं. तुझ्या तोंडचं ऐकून ऐकून कानात साठलेलं होतं. तिच्या घरात आता पत्र्याची कोठी आलीय, आणि काडेपेटीच्या डब्यात तांदूळ.

आणि पेव रिकामं, उघडं, आपल्यासमोर.

बसू म्हणाला, “मामा, परसाची भिंत पडायला आलीया. घराला कुलूप. गल्लीतलं एकादं लेकरू चेंडूमागं आलं आन् आत पडलं तर?” मी तोंड उघडलं, भांडायला. आणि मला तुझी शेवटची येळवस आठवली. शेतात कडब्याच्या कोपीत आपण बसलो होतो, तू अंबिलीचा गडू दोन्ही हातांत धरला होतास, एका हाताला आता पेलत नव्हता. म्हणालीस, “बाळ्या, औंदा माझ्यानं उतरनं व्हायचं न्हाई.” मी म्हटलं, मी जातो की, किल्ल्यात ओळख आहे माझी. तू हसलीस. मग म्हणालीस, “वर दिवा धरनारं असंल तरच त्येला पेव म्हनायचं. न्हाईतर भोक हाय नुसतं. मानूस नसंल तवा बुजवून टाक, बाळ्या.”

मी तेव्हा अजून भज्जी वाढून घेतली आणि दुसरंच काहीतरी बोललो. तू निरोप देत होतीस आणि मी जेवत होतो.

तर हे ते. पेव बुजवलं, अक्का. पहिली पाटी मी टाकली. बसू टाकणार होता, मी म्हटलं सरक. माती आत पडल्याचा आवाज बराच उशिरा आला, मग लवकर, मग आलाच नाही. हॉटेलात मी सांगतो, की एवढी माती घातली की शेजारचा डोंगर दिसेनासा झाला. कुठला डोंगर, असं अजून कुणी विचारलेलं नाही. तू विचारलं असतंस.

माझ्या हॉटेलामागं आता एक निळं पिंप आहे. तळाला वाळलेला पाला, मग तुझी ज्वारी, मग पुन्हा पाला. तुझी भावजय जाता-येता झाकणावर टिचकी मारते आणि म्हणते, “अक्काबाई, तुमचा भाऊ सुधारला बरं का.” भांडण तू जिंकलीस असं याचा अर्थ नाही. पिंप रस्त्याच्या कडेलाच ठेवलंय.

या पंधरवड्यात बसू-सुनंदा घर झाडायला आली होती, मीही गेलो. परसात पेवाची जागा थोडी खचून मऊ झालेली. सुनंदानं गेल्या खेपेला जाण्याआधी तिथं आळं करून तुझ्या डब्यातले धणे चुरडून टाकले होते, शेजारणीला पाणी घालायला सांगितलं होतं. उगवलेत. अजून दोन-दोन पानांचेच आहेत, खुडायला आलेले नाहीत, पण वाकून नाक नेलं की वास येतो.

मी तिथं दगडावर बसलो. थोडा वेळ बोललो. मग म्हटलं, “अक्का, कोथिंबीर आणलीय.”